सोलापूर–नळदुर्ग–तुळजापूर : सायकल वॅगनआरच्या पोटात

सोलापूरहून नळदुर्ग पन्नासेक किलोमीटर. हैदराबाद हायवेवर ट्रकची रीघ असते, तिथे सायकल दामटण्यात काही राम नाही. म्हणून सायकल गाडीत घालून नळदुर्ग गाठायचं, तिथून एकाने तुळजापूरपर्यंतचे पस्तीसेक किलोमीटर सायकलवर मारायचे, दुसऱ्याने गाडी तुळजापूरला आणायची आणि घाट उतरून सगळ्यांनी परत, असा आमचा बेत. छतावर कॅरिअर वगैरे काही नाही. साधी वॅगनआर.

सायकल मावेल का, हे लोक चाकांकडे बघून ठरवतात. प्रत्यक्षात अडतं ते हँडल. पुढचं चाक काढलं की मागच्या चाकाच्या कडेपासून चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) टोकापर्यंत साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उरतात. मागची सीट पाडून, पुढची डावी सीट सरकवून तेवढी लांबी मिळते. आदल्या दिवशी टेप लावून बघा. पण माउंटन बाइकचं हँडल ७० सेंटिमीटरच्या पुढे असतं आणि सायकल आडवी केली की ते उभं राहून छताला लागतं. चिमटा काटकोनात फिरवला की हँडल फ्रेमला समांतर होतं आणि सगळं सपाट बसतं. वायरी तोकड्या पडत असतील तर स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) पुढच्या पट्टीचे बोल्ट काढा (बहुधा ४ किंवा ५ मिमीची अ‍ॅलन-की), हँडल सोडवून फ्रेमला बांधा.

सुटं करण्याआधी गिअर मागच्या सगळ्यात मोठ्या दातरीवर आणा. मागचा गिअर आत सरकतो, ठोकर कमी बसते. सीटच्या दांड्याला आहे त्या उंचीवर इन्सुलेशन टेपचा वेढा द्या आणि मगच सीट खाली करा, म्हणजे नळदुर्गला पुन्हा मापं काढत बसायला नको. पायडल काढायचं तर १५ मिमीचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. इथे जोर लावून आटे खाल्लेले क्रँक (पायडलचे दांडे) कुठल्याही सायकल दुकानात बघायला मिळतील. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्याबरोबर पॅडच्या मधे दुमडलेला पुठ्ठा घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटतात आणि चाक परत आत जात नाही.

गाडीत आधी जुनी सोलापुरी चादर. जाड असते, चेनचं काळं ग्रीस सीटपर्यंत पोचू देत नाही. चिमटा पुढे, मागचं चाक डिकीकडे, चेनची बाजू वर. हँडलचं एक टोक डाव्या सीटमागच्या पाय ठेवायच्या जागेत उतरवा. सुटं चाक सगळ्यात वर, डिस्कची बाजू वरच्या अंगाला, कारण वाकलेली डिस्क रस्त्यावर सरळ होत नाही. शेवटी फ्रेम सीटबेल्टच्या कड्यांना बांधा. पट्टा नसेल तर फाटकी ट्यूब उत्तम. बोरामणीच्या आसपास एकदा थांबून ती ओढून बघा, खड्ड्यांनी ढिली झालेली असते.

सीएनजी गाडीत डिकी टाकीने व्यापलेली असते. तिथे दोन्ही चाकं काढून फ्रेम मागच्या सीटवर उभी करायची. मग मागे माणूस बसत नाही, हे मान्य करूनच निघा.

नळदुर्गला किल्ला आधी बघून घ्यावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणी महाल, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात. नर-मादी धबधबे मात्र नदीला पाणी असेल तरच. गाडी उन्हात बंद ठेवायची असेल तर सायकल आधी बाहेर काढा, नाहीतर टायरची हवा थोडी सोडा. ३० अंशाला भरलेली ८० पीएसआय हवा ६० अंशाला नव्वदीला टेकते. जुनं पंक्चर तेवढ्यानेही उघडतं.

जोडताना सायकल चाकांवर उभी ठेवूनच क्विक रिलीज (चाक आवळणारा लिव्हर) आवळा, आडवी ठेवून आवळलात तर चाक तिरकं बसतं. शंकूसारख्या दोन्ही स्प्रिंगची निमुळती बाजू आत, हबकडे. लिव्हर बंद करताना तळव्यावर वळ उठायला हवा. व्ही-ब्रेक (रिमला दाबणारा) असेल तर ब्रेकच्या वायरीची वाकडी नळी परत खाचेत बसवली का ते बघा. ती राहिली तर पुढचा ब्रेक नाहीच, आणि पहिल्या उतारावरच ते कळतं.

तुळजापूरला पुन्हा सगळं सुटं करायचं. इथे दमलेला माणूस बांधण्यात कुचराई करतो, आणि नेमका पुढे घाट असतो. वळणावर ब्रेक मारला की न बांधलेली सायकल थेट ड्रायव्हरच्या पाठीवर येते. चिमट्याची टोकं पुढच्या सीटमध्ये घुसू नयेत म्हणून त्यांच्यामधे १० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा बसवा, वरून फडकं गुंडाळा. घाट उतरला की हिप्परग्याचा तलाव ओलांडून शहर येतं.