भावाच्या गुडघ्याचा डॉक्टरी अहवाल

माझा धाकटा भाऊ फरशी बसवायचा. टेम्पोच्या धडकेत उजव्या गुडघ्याच्या सांध्यातच हाड मोडलं, प्लेट-स्क्रू बसले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातली त्याची केस बरेच दिवस नुसती तारखांवर चालली होती. मग एके दिवशी पुराव्यासाठी शेवटची तारीख मिळाली आणि वकीलबाईंचा फोन आला, "डॉक्टर उभे करा, लवकर."

जिल्हा रुग्णालयाचा दाखला आमच्याकडे होता. पण त्यावर फक्त उजव्या पायाच्या कायम अपंगत्वाची टक्केवारी होती. वकीलबाई म्हणाल्या, पायाचे टक्के म्हणजे सगळ्या शरीराचे टक्के नव्हेत आणि कमाईचे तर मुळीच नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हेच फोड करून सांगितलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार यांची कमाई जवळजवळ बुडते, तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे अहवालात भावाचं कोणतं काम सुटलं, ते यायला हवं होतं. गुडघा न वाकणाऱ्याने फरशी बसवायची कशी?

आधी कागद. डिस्चार्ज कार्ड घरी होतं, पण ऑपरेशन नोट्स आणि आतले केसपेपर दवाखान्यात. काउंटरवर "साहेब आल्यावर बघू" हेच ऐकू येई. मग लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचार नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. ते अर्जातच लिहिलं होतं. तोंडी विनवणीला जे दाद देत नव्हते, त्यांनी पोच दिलेल्या अर्जानंतर फाइल काढली. एक्स-रेच्या फिल्मही मागून घेतल्या, नुसते रिपोर्ट नाहीत. तज्ज्ञाला चित्र बघायचं असतं.

ऑपरेशन करणारे सर्जन दुसरीकडे गेले होते. त्यांना शोधलं. भला माणूस, पण कोर्टाचं नाव काढताच चेहरा पडला. "अर्धा दिवस बाकावर बसून राहायचं आणि मग पुढची तारीख," असं म्हणाले आणि त्यात काही खोटं नव्हतं. खरं तर डॉक्टर टाळतात ते पेशंटला नव्हे, त्या बाकाला. वकीलबाईंनी अर्ज केला की डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, नाहीतर कोर्ट कमिशनर नेमून त्यांच्या दवाखान्यातच साक्ष नोंदवावी. याचीही सूचना त्याच निकालात आहे. कमिशनर मंजूर झाला, तेव्हा डॉक्टर लगेच तयार झाले.

तपासणीच्या दिवशी मी एका कागदावर प्रश्न लिहून नेले होते: उकिडवं बसता येईल का, ओझं घेऊन जिना चढता येईल का, पुढे आणखी ऑपरेशन लागेल का, खर्च अंदाजे किती. अहवालात काय लिहायचं हे आम्ही सांगणार नव्हतो. तसं करूही नये, उलटतपासणीत ते उघडं पडतं. प्रश्न आमचे, उत्तरं त्यांची. डॉक्टरांनी गोनिओमीटर लावून दोन्ही गुडघ्यांचे कोन मोजले, मग भावाला म्हणाले, "उकिडवं बसून दाखवा." तो भिंतीला धरून निम्म्यावर थांबला. त्यांनी तेच तसंच लिहिलं आणि खाली एक ओळ घातली की जमिनीवर बसून करायचं काम या रुग्णाला यापुढे जमणार नाही. अहवाल दोन पानांचा झाला. मला त्या टक्केवारीपेक्षा ती ओळ मोलाची वाटते.

साक्षीला विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, हा माणूस दुसरं काही काम करू शकत नाही का? डॉक्टर म्हणाले, बसून करायचं करू शकेल, शिकला तर. मला तेव्हा रागच आला होता. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, असा डॉक्टर सरळ सरळ आपल्या बाजूने बोलणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. युक्तिवाद अजून व्हायचाय. डॉक्टरांच्या फीची आणि एक्स-रेच्या प्रतींची पावती मी खर्चाच्या यादीला जोडून वकीलबाईंकडे दिलीये.