एकाच नावाच्या दोन मॅच

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिले आठवली ती आपल्या इंग्रजीच्या सरांची माचिस. साल १९८७, आपण आठवीत, दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकतीच उघडली होती आणि वर्गात दुसरा विषयच नाही, ३१ ऑक्टोबरची व्हीसीए ग्राउंडवरची न्यूझीलंडसोबतची वर्ल्ड कपची मॅच, चेतन शर्माची हॅटट्रिक, तीनही क्लीन बोल्ड, अन् मग गावसकरचे ८८ बॉलमध्ये नाबाद १०३, त्याची वनडेतली एकुलती एक सेंच्युरी, ती आपल्या नागपुरात!

सर आले. "मॅच मॅच काय करून राहिले बे, मॅच म्हणजे काय ते सांगा," असं म्हणून त्यांनी टेबलावर माचिस ठेवली. वर्ग चूप.

मग सर सांगत गेले. खेळातली मॅच जुन्या इंग्रजीतली, मूळ अर्थ जोडीदार, बरोबरीचा. आपल्याकडे आखाड्यात कुस्तीची जोड लावतात ना, तेच. आई इतवारीत साडी घेऊन मॅचिंग ब्लाउजपीस शोधते तेही त्यातलंच. पण माचिसमधली मॅच तिची कोणीच लागत नाही, ती जुन्या फ्रेंचमधून आलेली. इथे सरांनी खिशातून कापूस काढला, तळहातावर घासून घासून त्याची वात वळली आणि ती वर धरून म्हणाले, "ही खरी मॅच." म्हणजे आधी दिव्याची वात, मग बंदुकीला बत्ती द्यायची जळती दोरी, जिला मराठीत तोडा म्हणतात, तोड्याची बंदूक म्हणतो ती यावरूनच. घासून पेटणारी काडी फार उशिरा आली, जॉन वॉकर नावाच्या इंग्रज केमिस्टनं ती १८२७ मध्ये विकायला काढली, पण नाव वातीचंच चिकटलं. अन् मॅचचं अनेकवचन मॅचेस, त्याची आपण माचिस केली!

मला हे इतकं भारी वाटलं होतं की काय सांगू, स्पेलिंग एक, उच्चार एक, आणि गावं दोन. आजही डिक्शनरी उघडली की मी अर्थाच्या आधी शब्द कुठून आला ते पाहतो, ही सवय सरांचीच.

तास संपल्यावर सरांनी ती वात मला दिली. वार्षिक परीक्षेपर्यंत माझ्या कंपासपेटीत होती, पेन्सिलच्या भुश्शानं पार काळी झालेली.