रावेन्नात विचारलेले तीन प्रश्न

रावेन्ना, मंगळवार रात्र

निघण्यापूर्वी वहीच्या शेवटच्या पानावर इटालियनमधली दहा-बारा वाक्ये देवनागरीत उतरवून घेतली होती. आज त्यांतली तीनच उपयोगी पडली, पण त्यांनीच दिवस तारला.

पहिले वाक्य साधेच: ‘स्कूझी, दोवे सान विताले?’ म्हणजे ‘माफ करा, सान विताले कुठे आहे?’ अनोळखी माणसाशी बोलताना ‘स्कूझी’च म्हणावे, ‘स्कूझा’ हे मित्राला किंवा लहान मुलाला, आपल्या ‘अरे, ऐक’सारखे. प्रश्न नीट उच्चारला, तरी उत्तर भरभर आले आणि मी गोंधळले. त्यातले ‘सेम्प्रे द्रित्तो’ (सरळ जा), ‘देस्त्रा’ (उजवीकडे) आणि ‘सिनिस्त्रा’ (डावीकडे) एवढे तीन शब्द ओळखता आले, म्हणून इ.स. 547मध्ये पवित्र केलेल्या त्या चर्चपर्यंत पोहोचले. प्रश्नाइतकेच उत्तरातले शब्दही पाठ असावेत, असे मला आता मनापासून वाटते.

दुसरे वाक्य वेळेचे: ‘आ के ओरा कियूदे?’, किती वाजता बंद होते? ‘सीएच’ ही अक्षरे दिसली की जीभ ‘च’कडे वळते, पण इटालियनमध्ये तिथे ‘क’ असतो. म्हणून चर्च म्हणजे ‘कियेझा’ आणि दारावरच्या पाटीवरचे ‘बंद’ म्हणजे ‘कियूझो’. ‘पियात्सा’तला उच्चार मात्र मराठी माणसाला आयताच येतो, कारण तो आपल्या ‘चमचा’तल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे.

तिसरे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते: ‘कोझा मी कोन्सील्या दी वेदेरे?’, ‘काय पाहावे असे तुम्ही सुचवाल?’ अमुक ठिकाण कुठे, असे विचारले की दिशा मिळते. काय सुचवाल, असे विचारले की माणूस क्षणभर थांबून विचार करतो. कॉफीच्या दुकानातल्या बाईंनी हातातला कप खाली ठेवला, कागदी रुमालावर रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी ‘क्लास्से’ लिहिले. शहराबाहेरचे हे ठिकाण एकेकाळी रोमन आरमाराचे बंदर होते. समुद्र मागे हटला आणि तिथल्या सपाट जमिनीवर सांत’आपोल्लिनारेचे विटांचे चर्च उभे आहे. आत वेदीमागच्या अर्धघुमटावर हिरवेगार कुरण आहे, मधोमध हात उंचावलेला संत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा पांढरी मेंढरे. काचेच्या आणि दगडाच्या बारीक तुकड्यांतून जुळवलेल्या त्या हिरव्या रंगाच्या किती छटा आहेत, हे मोजत मी बराच वेळ बसून राहिले.

रुमाल देताना त्या बाई ‘वाले ला पेना’ म्हणाल्या होत्या, म्हणजे ‘जाण्याचे सार्थक होईल’. तेच शब्द प्रश्नाच्या सुरात म्हटले की ‘जाण्यासारखे आहे का?’ असा अर्थ होतो, वाक्यरचना बदलावी लागत नाही. ते वाक्य आत्ताच वहीत लिहिले आहे; उद्या फेर्राराला पोहोचल्यावर किल्ल्याबद्दल तेच विचारणार आहे.