सोन्याची नोट घेताना वजन लेखी मागा – माझा अनुभव

जुन्या नोटांच्या सोन्यातल्या प्रतिकृती (म्हणजे प्लास्टिकवर सोन्याचा पातळ थर) जमवतो मी, इंदूरला राहतो. यावेळी हवी होती १९३८ ची दहा हजाराची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची, जी १९४६ मध्ये बाद केली. खरी नोट आपल्या आवाक्यातली नाही, म्हणून प्रतिकृती. ऑर्डर, पत्ता, सगळं पटकन झालं, अडलं ते एका साध्या प्रश्नावर, यात सोनं किती?

विक्रेत्याकडून प्रत्येक वेळी तेच सर्टिफिकेट, "२४ कॅरेट, ९९.९ टक्के शुद्ध". अरे पण ती झाली शुद्धता, वजन कुठंय? फोनवर बाई म्हणायच्या सर, लिहिलंय ना. परत मेल केला की परत तेच पीडीएफ. इतका संताप यायचा! पैसे भरणार मी आणि कशाचे ते मलाच सांगणार नाहीत?

मग त्यांचीच आधी घेतलेली शंभराची घेऊन सराफ्यात गेलो (दिवसा जा, रात्री तिथे खाण्याच्या गाड्या लागतात). ओळखीचे सराफ म्हणाले, "काका, कसोटीवर घासलं तर सोनं दगडावर राहील आणि तुमच्या हातात प्लास्टिक." टंच काढायच्या, म्हणजे शुद्धता मोजायच्या मशीनचाही उपयोग नाही, थर इतका पातळ की तिची क्ष-किरणं आरपार जातात, आकडा भलताच येतो. आणि २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणजे तोही आधार नाही.

शेवटी घरी हिशोब मांडला. १६ बाय ८ सेंटीमीटरची नोट, थर समजा ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सोन्याची घनता घनसेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, तर एका बाजूला जेमतेम २५ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चाळिसावा भाग! हाच हिशोब मेलमध्ये टाकला आणि विचारलं, तुमचा थर किती ते लिहून द्या. मग मात्र सहीशिक्क्याचं पत्र आलं, थराची जाडी आणि वजन मिलिग्रॅममध्ये. फार बरं वाटलं. त्याच दिवशी पैसे भरले.

फोनवर विचारू नका, मेलच करा. हां, आणि 'प्रतिकृती' असं ठळक छापलेलीच घ्या, नोटेसारखं दिसणारं काही बनवण्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १८२ आहे. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, घडी तर अजिबात घालू नका, सुरकुती जात नाही.

आता १९५४ ची अशोकस्तंभवाली दहा हजाराची बघतोय, जी १९७८ ला बंद झाली. तिचं वजन आधीच मागवलंय.