तुम्ही विचारलंत म्हणून: लुवियनमधला ‘पण’ ओळखायचा कसा?

“जी भाषा बोलणारं कुणी उरलंच नाही, तिच्यातल्या ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ यांचा अर्थ तुम्ही लावता कशावरून?” मी लुवियन वाचतो हे कळलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, वर्गात येतो. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहितो.

लुवियन ही आजच्या तुर्कस्तानातली आणि उत्तर सीरियातली प्राचीन भाषा, संस्कृतची लांबची नातलग. घोड्याला तिथे ‘अझुवा’ म्हणत. आपला ‘अश्व’ आठवतोच. हित्ती या प्राचीन साम्राज्याच्या हात्तुशा या राजधानीत ती मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरांत, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत, मिळते आणि दगडांवर तिच्या स्वतःच्या चित्रलिपीत. ही चित्रलिपी वाचायला मोठा आधार मिळाला तो दक्षिण तुर्कस्तानातल्या करातेपेचा. ही जागा १९४६ साली हेल्मुट बॉसर्ट आणि हालेत चांबेल यांनी उजेडात आणली. तिथल्या वेशींच्या दगडांवर अझातिवादा नावाच्या अधिपतीचा ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला एकच मजकूर दोन भाषांत कोरलेला आहे, आधीपासून वाचता येणारी फिनिशियन आणि लुवियन. चांबेलबाईंनी पुढची कित्येक दशकं त्या दगडांसाठी दिली. त्यांचं नाव काढल्याशिवाय मला या विषयावर बोलवत नाही.

आता एक वाक्य जवळून पाहू. अझातिवादा म्हणतो की तारहुंझा देवाने मला अदानावा नगरीची आई आणि बाप केलं. (अदानावा म्हणजे आजचं अदाना.) लुवियनमध्ये ‘आई आणि बाप’ हे ‘अनातिन तातिन-हा’ असं येतं. ‘ताति’ म्हणजे बाप. आपल्या ‘तात’ची आठवण होतेच, पण लहान मुलांच्या बोलीतले असे शब्द जगभर सारखे असतात, त्यावर फार विसंबायचं नाही. फिनिशियन मजकुरात बाप आधी आणि आई नंतर. लुवियनमध्ये आई आधी. तिकडे ‘आणि’ दुसऱ्या शब्दाच्या आधी लागतो, इकडे ‘हा’ दुसऱ्या शब्दाच्या मागे चिकटतो, जसा संस्कृतात ‘च’. अशी जोडी वारंवार सापडली की ‘-हा’ म्हणजे ‘आणि’ हे ठरतं.

पण हाच ‘-हा’ ‘कोण’ या अर्थाच्या ‘क्विस’ला लागला की ‘क्विस-हा’ होतं, म्हणजे ‘कोणीही’. इथे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आपला ‘ही’ नेमकं हेच करतो: मीही, तूही, कोणीही. ‘हा’ आणि ‘ही’ यांचं रक्ताचं नातं नाही, कामाचं साम्य आहे. आणि लगेच एक खड्डा: भूतकाळात ‘मी’साठी क्रियापदाला लागणारा प्रत्ययही ‘-हा’च आहे. ‘तामाहा’ म्हणजे ‘मी बांधलं’. शब्दाच्या शेवटी ‘हा’ दिसला की आधी विचारायचं, हा ‘आणि’ आहे की ‘मी केलं’?

‘-वा’ची गोष्ट वेगळी. कीलाक्षरांतल्या मजकुरात तो दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगताना येतो. दगडांवर मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात असतो. ‘अमु-वा-मि अझातिवादास’, म्हणजे ‘मी अझातिवादा आहे’. यातला ‘मी’ स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवणाऱ्या माणसाच्या चित्राने लिहिलेला असतो. सगळा लेखच त्या माणसाचं बोलणं, म्हणून पावलोपावली ‘वा’, असं त्याचं स्पष्टीकरण देतात आणि मला ते पटतं. मराठी वाचकाच्या मनात लगेच ‘म्हणे’ येईल. तो तिथे घालू नका. आपल्या ‘म्हणे’त शंका असते, ‘खरंखोटं देव जाणे’ असतं. अझातिवादाला स्वतःच्या तटबंदीबद्दल तसूभर शंका नाही.

‘-ता’ने मला सगळ्यात जास्त छळलं. हे चिकटे शब्द वाक्याच्या पहिल्या शब्दामागे रांगेने बसतात आणि त्या रांगेत ‘वा-ता’ असं दिसलं की फोड दोन तऱ्हांनी होते. एक तर ‘वा’ आणि ‘अता’, म्हणजे ‘ते’ किंवा ‘त्यांना’. नाहीतर ‘वा’ आणि ‘ता’, जो क्रियेची दिशा किंवा जागा सुचवणारा निराळाच निपात, म्हणजे रूप न बदलणारा छोटा शब्द, आहे. सुरुवातीला मी दिसेल त्या ‘ता’ला ‘ते’ म्हणून मोकळा होत असे. एकदा शिक्षकांनी वहीच्या समासात एवढंच लिहिलं: “कर्म पुढे आहेच, मग हे कोण?” तेव्हापासून मी आधी क्रियापद शोधतो, मग त्याचं कर्म, आणि ‘ता’कडे सगळ्यात शेवटी येतो.

राहिला तुमचा ‘पण’, म्हणजे ‘-पा’. करातेपेचा आधार नेमका इथे अपुरा पडतो. फिनिशियनचा एकच ‘व’ आणि, मग, पण या सगळ्यांची कामं करतो; त्यावरून ‘पा’ कुठे विरोध दाखवतो आणि कुठे नुसता विषय बदलतो हे कळत नाही. मग लुवियनलाच विचारायचं. ‘पा’ ज्या शब्दाला लागलाय तो आधीच्या वाक्यात होता का? कर्ता बदलला का? पन्नास वाक्यं अशी समोर मांडली की त्याची सवय दिसू लागते.

लेखाच्या शेवटी शाप आहे: या वेशीवरून अझातिवादाचं नाव जो खोडेल त्याला. तो खोडणारा राजांपैकी असो, ‘नि-पा-वा’ एखादा माणूस असो. ‘नि-पा-वा’ म्हणजे ‘किंवा’. फोडून पाहा: ‘नि’ हा नकार, त्याला ‘पा’, मग ‘वा’. “चहा घे, नाहीतर कॉफी” असं आपण म्हणतो तेव्हा आपणही ‘नाही’ला ‘तर’ जोडून ‘किंवा’च करत असतो. माझ्या भाषांतराच्या वहीत त्या ओळीत ‘नाहीतर’ शाईने लिहिलाय. त्या पानावरचे बाकीचे ‘पा’ अजून पेन्सिलीत आहेत.