गांधीबागेतले कापड आणि ऑफिसचा थाट

आज ऑफिसमध्ये दोघीतिघींनी माझा कुर्ता कोणत्या ब्रँडचा आहे असे विचारले, तेव्हा तो नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात मीटरवर घेतलेल्या सुती कापडाचा असून गल्लीतल्या टेलरकाकांनी शिवला आहे, हे सांगताना मला विलक्षण आनंद झाला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे चकचकीत पॉलिएस्टर कितीही सवलतीत मिळाले, तरी ते दुपारपर्यंत अंगाला चिकटते आणि पुढे कपाटातच पडून राहते. ४४ इंच पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे) अडीच मीटर कापड माझ्या कुर्त्याला पुरते, मात्र शिवायला टाकण्यापूर्वी ते रात्रभर भिजवून वाळवावे लागते, कारण कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते.

पैसे वाचवायचे ते कापडात, शिलाईत नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या टोकावर बसली आणि आत इंचभर माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, सोडलेली असली, की साधे कापडही भारदस्त दिसते, शिवाय वजन वाढले तरी (ते वाढतेच!) कुर्ता उसवून सैल करता येतो. पँट निळी, काळी आणि बदामी एवढीच ठेवली आहे. ओढण्या आणि कानातले सीताबर्डीवरून घ्यावेत. तिथे पहिला भाव ऐकून दोन पावले पुढे गेले, की मागून हाक येते.

आता आईच्या विरलेल्या करवतकाठी (करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या) साडीचे जाकीट शिवायचा विचार आहे, पण आई अजून साडीला कात्री लावू देत नाही.