ऐकणाऱ्याची वही: छोट्या बैठकीतली स्पॅनिश गिटार

सध्याचा टप्पा: बसायची जागा, ट्रेमोलो (एकाच तारेवर बोटांनी भराभर छेडून सूर अखंड भासवणं) आणि खालच्या सुरात उतरवलेली सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार. रेकॉर्डिंगवर या तिन्ही गोष्टी अर्ध्याच कळतात. चाळीस-पन्नास खुर्च्यांची, विनामाइक मैफल मिळाली तर हा अभ्यास तिथेच करावा.

वादकासमोर आपल्या उजव्या हाताची, म्हणजे गिटारच्या दांडीकडची खुर्ची धरा. डावीकडून छेडणाऱ्या हाताची पाठच दिसते. दांडीकडून अंगठा आणि तर्जनी उघडी दिसतात. अगदी पहिली रांग नको, तिथे नखांची टकटक आणि जाड तारांवर बोट सरकल्याची चर्र फार येते. तीन ते पाच मीटर पुरे. बार्सेलोनाच्या सांता मारिया देल पीसारख्या दगडी चर्चमध्ये मात्र शक्य तितकं पुढे बसा. मागे घुमारा खर्ज गढूळ करतो आणि कच्चा ट्रेमोलोही गुळगुळीत करून टाकतो. चर्चमधल्या ट्रेमोलोवरून कुणालाच गुण देऊ नयेत.

आता ट्रेमोलोच. स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार तारेगाच्या (१८५२–१९०९) ‘रेकुएर्दोस दे ला आल्हांब्रा’त ३/४ चा ताल, आणि बोटांचा क्रम अंगठा, अनामिका, मध्यमा, तर्जनी. मात्रेत अशा दोन फेऱ्या, म्हणजे ८ आघात. मिनिटाला ७२ मात्रा धरल्या तर सेकंदाला साडेनऊच्या वर आघात होतात. एकेक मोजणं अशक्य, पण लंगडणं लगेच ऐकू येतं. तबल्याच्या ‘तिरकिट’सारखी चारही अक्षरं सारख्या अंतरावर पडायला हवीत. नेहमीचा दोष असा की अंगठ्यानंतरची तीन बोटं एका झटक्यात मिटतात आणि पुढच्या अंगठ्याआधी फट राहते. वाजवणाऱ्यांसाठी उपाय: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, ठोक्याला चार आघात, आणि जोर आधी अनामिकेवर, मग मध्यमेवर, मग तर्जनीवर. सूर दुसऱ्या तारेवर गेला की काम अवघड होतं, कारण नख शेजारच्या पहिल्या तारेला घासतं. मैफलीत आवाज पातळ झाला तर आधी तार कोणती ते बघा.

सहावी तार ही खरी गंमत. तारेगाच्याच ‘काप्रिचो आराबे’साठी ती ई या सुरावरून डी वर उतरवतात, पण उतरवलेली तार तिथे थांबत नाही, पुढच्या काही मिनिटांत हळूहळू वर चढते. म्हणून जाणता वादक डीच्याही किंचित खाली जातो, तार हलकेच ओढतो आणि मग वर येऊन सुरात लावतो. पडताळा: सहाव्या तारेचा बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला वरचा सूर) आणि मोकळी चौथी तार एकच सूर देतात, त्यात लाटा (आवाजाची कमी-जास्त थरथर) ऐकू येता कामा नयेत. ही खटपट टाळली तर रचनेच्या शेवटी खर्ज चढलेला लागतो. म्हणूनच डीच्या रचना सहसा लागोपाठ ठेवतात. गिटारवादक ल्योबेतने बसवलेलं कातालान गीत ‘एल नोइ दे ला मारे’ त्यातलंच. पाचवीही ए वरून जी वर उतरली, तर स्पॅनिश रचनाकार अल्बेनिसची ‘सेविया’ येण्याची शक्यता बरीच.

अल्बेनिसचीच ‘आस्तुरियास’ मूळ पियानोची, जी मायनरमधली. गिटारवर ती ई मायनरमध्ये येते, कारण सतत वाजणारा बी मोकळ्या दुसऱ्या तारेवर मिळतो. तिथे नजर अंगठ्यावर ठेवा, चाल तोच वाजवतो.

आपोयांदो आणि तिरांदो नुसत्या कानाने ओळखणं अजून बाकी आहे. तोवर बघून ओळखा: छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकलं तर आपोयांदो, हवेत सुटलं तर तिरांदो.